घाव की खोट? : नाणेपारखीच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुळशी तालुक्यात जुनं नाणं बहुधा तीन ठिकाणी भेटतं: देवघरात, दागिन्यात किंवा मातीत. देवघरातली शिवराई टाकांशेजारी ठेवलेली असते, आणि सणावाराला चिंचेनं घासून घासून तिची अक्षरं डोळ्यांपेक्षा बोटालाच जास्त कळतात. दागिन्यातल्या राणीछाप रुपयाला कडी झाळलेली असते. मातीतलं नाणं भातखाचरात नांगराच्या फाळाला लागतं किंवा घराचा पाया खणताना वर येतं. हिरवट, खरबरीत, कडेनं खाल्लेलं. तिन्हींकडे पाहून घरातलं कुणीतरी विचारतंच, "हे खरं आहे का?"

ही प्रस्तावना त्या प्रश्नासाठी आहे आणि तो विचारणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. नाणेशास्त्राला पुढं जाऊन फारसी लागते, ब्राह्मी लागते, मोडी लागते, जाडजूड सूचिग्रंथ लागतात. पण त्याचं पहिलं दार एक भिंग, एक बारीक काटा आणि तिरपा प्रकाश एवढ्यावर उघडतं. शाळेतल्या मुलांनी, शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, सोनारांनी या दारातून आत यावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. नाणी ज्यांच्या घरात आहेत तेच बाहेर राहिले, तर हा अभ्यास संग्रहालयांच्या कपाटांपुरता उरेल.

"खरं आहे का?" या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. हे नाणं घडलं कसं, हा पहिला. घडल्यावर त्याच्यावर काय काय गुदरलं, हा दुसरा. खोट असते ती घडणीत. झीज, गंज, घाव, भोक, जळ हे सगळं नंतरच्या आयुष्यातलं. विचित्र दिसणाऱ्या नाण्याला घाईनं खोटं ठरवणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पुढं लिहीत असतो.

ही घाई किती महागात पडते, हे आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांना ठाऊक होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला रूपदर्शक म्हटलं आहे. खोटं नाणं त्यानं चालू दिलं तर त्याला बारा पणांचा दंड. आणि चालतं, निर्दोष नाणं त्यानं नाकारलं तरीही दंड बारा पणांचाच. या समतोलाचं मला फार मोल वाटतं. आज आपण फक्त पहिल्या चुकीला भितो. खोटं नाणं गळ्यात पडेल, याची धास्ती असते. खऱ्या नाण्याला खोटं म्हणून फेकून दिलं, याची हळहळ कुणाला वाटत नाही, कारण ते नुकसान कुणाच्या वहीत लिहिलं जात नाही.

आता घडणीकडे येऊ. मुळशीकराच्या हाती लागण्याची सर्वांत अधिक शक्यता शिवराईची, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावानं सोन्याचे होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. हीच मांडणी पुढं पेशवाईभर चालत राहिली आणि इंग्रजी अंमल आल्यावरही ही नाणी बाजारात फिरत होती. म्हणजे आपण 'शिवराई' म्हणतो ते दीड शतकाहून अधिक काळ, अनेक ठिकाणी, अनेक हातांनी पाडलेलं नाणं आहे. वजन साधारण नऊ ते तेरा ग्रॅमच्या दरम्यान हिंडतं आणि उत्तरकाळात उतरत जातं. अक्षरांचं वळण बदलतं. 'शिव'चा 'सिव' होतो, ऱ्हस्व-दीर्घ इकडचे तिकडे होतात. शेवटच्या काळातल्या काही शिवरायांवर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा दिसतात. अशा शिवराईला संग्राहक दुदांडी म्हणतात. अक्षर चुकलं म्हणून नाणं खोटं, असं म्हणणाऱ्यानं शिवराया पुरेशा पाहिलेल्या नाहीत, एवढंच खात्रीनं सांगता येतं.

ही नाणी हातानं पाडलेली. तांब्याच्या चकत्या तोडायच्या, वजनात बसवायच्या, खालचा ठसा ऐरणीत पक्का करायचा, वर चकती, चकतीवर दुसरा ठसा, आणि घणाचा एक घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळं संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच मावतो. कुठं 'श्री' कापली जाते, कुठं 'ति' कडेबाहेर जाते. घाव तिरका बसला तर नाण्याची एक बाजू ठळक आणि दुसरी सपाट. पहिल्या घावानंतर चकती हलली आणि दुसरा बसला तर अक्षरं दुहेरी दिसतात. चकती फार थंड असेल तर कडा फाटते, तिला चिरा जातात. या सगळ्या गोष्टी डोळ्याला दोष वाटतात; नाणेपारख्याला त्या जन्मखुणा वाटायला हव्यात. उलट, शिवराईचा पूर्ण लेख मध्यावर नेमका बसलेला, वर्तुळ सगळीकडून सारखं, कडा गुळगुळीत आणि रंग एकसारखा काळपट असेल, तर मी खुर्ची ओढून नीट बसतो आणि भिंग काढतो.

भिंगाखाली पहिलं काय पाहायचं? माझ्या मते एकच गोष्ट आधी शिकावी: खोलगट आणि उंच यांतला फरक. टांकसाळीबाहेर आल्यानंतर नाण्याला जो ओरखडा पडतो तो खोल जातो, आणि त्याच्या काठाला सरकलेल्या धातूची बारीक वरंबी उठते. पण ओरखडा किंवा तडा ठशावरच असेल तर तो नाण्यावर उलटा, म्हणजे उंच रेघ होऊन उमटतो. झिजत चाललेल्या, तडकलेल्या ठशानं पाडलेली शेकडो नाणी असतात आणि त्या सगळ्यांवर ती उंच रेघ जागच्या जागी सापडते. अशी रेघ दिसली की आनंद व्हावा, कारण दोन वेगवेगळ्या घरांतली नाणी एकाच ठशाची आहेत, हे तिच्यावरून कळतं.

याच्या उलट खूण अधिक महत्त्वाची. दोन नाण्यांवर एकाच जागी, एकाच लांबीचा, सारखाच खोल ओरखडा असेल तर सावध व्हा. दोन नाणी वेगवेगळ्या हातांत फिरली, त्यांना अगदी तोच घाव कसा बसेल? असं घडतं ते ओतीव नकलांत. एका खऱ्या नाण्याचा साचा घेतला जातो आणि त्या नाण्याचा घावही साच्यात उतरतो. मग प्रत्येक नकल तो घाव जन्मतःच घेऊन येते. अशा नकलेवरच्या ओरखड्याची धार मेलेली असते, काठाला वरंबी नसते.

ओतीव नाण्याच्या आणखी खुणा आहेत. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे दिसतात, ते धातू ओतताना अडकलेल्या हवेचे. कडेवर दोन साचे जिथं जुळतात तिथं बारीक शिवण राहते, किंवा ती कानशीनं घासल्याच्या समांतर रेघा. ओतलेला धातू निवताना किंचित आकसतो, त्यामुळं व्यास मूळ नाण्याहून कमी भरतो. आणि अक्षरं सगळीकडे सारखीच मऊ होतात, पावसात भिजलेल्या मातीच्या मूर्तीसारखी. झिजलेल्या खऱ्या नाण्यात असं होत नाही. झीज आधी उंच भागांवर बसते. अक्षरांची डोकी सपाट होतात, पण त्यांच्या बुंध्याशी, खोलगट भागात, मूळची कड शिल्लक राहते. देवघरातल्या घासलेल्या शिवराईला तिरपा प्रकाश द्या. 'रा'च्या पोटात टोकदार कोपरा दिसला तर ती बहुधा ठशाखालून आलेली आहे. पोट आणि डोकं सारखंच गोळाकार असेल तर संशय धरावा.

रुप्याच्या नाण्यांची कथा वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची. मराठी अमलातले रुपये मुघल बादशहाच्या नावानं, फारसी अक्षरांत पाडले जात. टांकसाळीची ओळख लहानशा चिन्हांवरून पटे. पुण्याच्या रुपयावर अंकुश असे, म्हणून तो अंकुशी रुपया. ठसे कोरणाऱ्या कारागिरांना फारसी येत होतीच असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या नकलेची नकल होत गेली आणि काही रुपयांवरचा लेख फारसी जाणणाऱ्यालाही लागू नये इतका बिघडला. अशा रुपयाला लेखावरून खोटा ठरवणं म्हणजे अन्यायच. शिवाय टांकसाळी अनेक होत्या, काही सरकारी, काही परवाना देऊन सोनार-सराफांकडे सोपवलेल्या. पुण्याजवळ चिंचवडलाही टांकसाळ होती. परवाना घेऊन कस उतरवणाऱ्यांच्या तक्रारी येत, आणि थोरल्या माधवरावांच्या काळात धारवाड प्रांतातल्या अनेक खासगी टांकसाळी हलक्या नाण्यांमुळं बंद करून कारभार एका जागी आणला गेला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ साली मराठी राज्यातल्या चलनांवर आणि टांकसाळींवर इंग्रजीत निबंध लिहिला. हा विषय समजून घेऊ पाहणाऱ्यानं तो आजही आधी वाचावा. पुढं १९८९मध्ये के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर ग्रंथ काढला, तो संग्राहकांच्या टेबलावर कायम उघडा असतो.

इथं एक पेच लक्षात घ्यायला हवा. परवानाधारक टांकसाळीनं कमी कसाचा रुपया पाडला, तर तो खोटा म्हणायचा की हलका? बाजारानं त्याचं उत्तर बट्ट्यानं दिलं. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती असे रुपये एकाच पेठेत फिरत आणि सराफ व पोतदार प्रत्येकाला त्याच्या कसाप्रमाणं बट्टा लावत. त्या व्यवहारात नाण्याला खरं किंवा खोटं अशा दोनच जागा नव्हत्या. अधेमधे बऱ्याच पायऱ्या होत्या. आपणही त्या पायऱ्या मानल्या तर पुष्कळ गोंधळ टळेल.

सराफ रुपया घेताना त्यावर छिन्नीनं लहानसा टोचा मारून पाहत, वर मुलामा आणि आत तांबं तर नाही ना. जुन्या रुपयांवर चौकोनी, गोल, चंद्रकोरीसारखे असे बारीक ठोके दिसतात ते हेच. आज माणसं अशा रुपयाला 'खराब केलेला' म्हणून कमी भाव देतात. मला मात्र ते ठोके फार प्रिय आहेत. कुणा पारख्यानं शंका घेतली आणि ती फिटली, याचा तो पुरावा. फक्त ठोका आहे म्हणून डोळे मिटू नयेत, कारण मुलाम्याचं नाणं करणारेही वरून खोटे ठोके मारत. ठोक्याच्या तळाशी भिंग लावा. आत रुपेरीच दिसलं तर बरं. लालसर दिसलं, किंवा झिजलेल्या उंच जागेवर तांबूस डाग आणि त्याच्या काठाला सोलत चाललेलं रुपं दिसलं, तर ते मुलाम्याचं.

१८३५नंतर निकष बदलतात. त्या वर्षीच्या कायद्यानं कंपनी सरकारनं एकच रुपया ठरवला: १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात अकरा-बारांश शुद्ध रुपं. तो यंत्रावर पाडलेला, कडेला दाते असलेला. हातानं पाडलेल्या नाण्यात जे माफ, ते इथं माफ नाही. राणीछाप रुपयावर अक्षर चुकलं, दात्यांतलं अंतर कमी-जास्त झालं, तर ते गंभीर आहे. नाणं कोणत्या पद्धतीनं पाडलेलं, हे ठरल्यावाचून दोषाचा अर्थ लागत नाही.

या रुपयाची एक परीक्षा घरी करता येते. नाणं काट्यावर तोला. मग बारीक दोऱ्यानं बांधून, काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात तळाला न टेकता बुडवा. काट्यावर जेवढं वजन वाढेल तेवढ्या ग्रॅमचं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. ११.६६ ग्रॅमचा खरा रुपया सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो, कारण या रुप्याची घनता दहाच्या थोडी वर असते. कथलाच्या किंवा जस्ताच्या मिश्रणाचा, तेवढ्याच वजनाचा रुपया दीड ग्रॅमच्या आसपास जातो. फरक एवढा मोठा की वाद राहत नाही. शिवराईला मात्र ही परीक्षा फारशी उपयोगी नाही. तांबं आणि पितळ यांच्या घनता जवळजवळ आहेत, आणि गंजलेल्या नाण्यात हवा-माती अडकून बसते.

नाणं वाजवून घेण्याची जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. खणखणीत वाजलं तर खरं, असं आपण म्हणतो. यात मोठा अपवाद आहे. खऱ्या नाण्याला केसाएवढी चीर असेल तर ते बद्द वाजतं. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेलं रुपं आतून ठिसूळ होतं, त्याचे कण सुटे होतात; ते तर वाजतच नाही, आणि जोरात आपटलं तर तुटतं. म्हणून मातीतून आलेलं नाणं कृपा करून वाजवू नका.

मातीविषयी थोडं अधिक बोललं पाहिजे, कारण या तालुक्यात तोच खरा प्रश्न आहे. ताम्हिणीच्या बाजूला सह्याद्रीचा पाऊस प्रचंड. खालची भातखाचरं चार महिने पाण्याखाली आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. मुळशी धरणाचा काठही वर्षाकाठी भिजतो आणि उघडा पडतो. धरणाविरुद्धच्या १९२१च्या सत्याग्रहानंतरही ज्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांची वस्ती याच मातीत होती. ओलं-कोरडं होण्याचं हे चक्र तांब्याला फार सोसावं लागतं. वर हिरवा, दाट, घट्ट थर चढतो. तो थर कुरूप दिसला तरी नाण्याचं रक्षण करतो आणि त्याच थरात अक्षरं शिल्लक असतात. मात्र फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल आणि झटकल्यावर पुन्हा येत असेल, तर तो क्षारांचा रोग आहे. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरड्या डबीत ठेवावं आणि जाणकाराला दाखवावं. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, तारेचा ब्रश यांनी नाणं 'चकाचक' करू नये. घासून काढलेल्या नाण्यावर घडणीचे पुरावे आणि आयुष्याचे पुरावे दोन्ही एकदमच जातात. मग ते खरं की खोटं, हे ठरवायला काही उरत नाही.

बनावट गंजही असतो. नव्या पितळी शिवराईवर हिरवा रंग किंवा रसायनाचा थर देऊन ती 'शेतात सापडली' म्हणून विकतात. खरा गंज धातूच्या आत मुळं धरून असतो. लावलेला रंग वर बसलेला असतो आणि ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाला लागून येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरणाऱ्यानं एवढं तरी शिकून जावं. तिथं आणि गडांच्या पायथ्याशी मिळणाऱ्या काही वस्तूंना तर नकलही म्हणता येत नाही, कारण त्यांचं मूळच नाही. शिवाजी महाराजांची छबी असलेली 'शिवकालीन' नाणी विकली जातात. महाराजांच्या नाण्यांवर त्यांचं चित्र नाही, फक्त नाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ असं साल घालून रामदरबाराचं चित्र असलेले तांब्या-पितळेचे बिल्ले लाखोंच्या किमती सांगून खपवले जातात. श्रद्धेनं देवघरात ठेवायला हरकत नाही, पण ते कंपनीचं चलन नव्हे. सोन्याचा शिवकालीन होन अत्यंत दुर्मिळ आहे, आणि त्याच्या नकला अमाप. तो कुणी स्वस्तात देऊ केला तर पारख करण्यात वेळ घालवू नये.

दागिन्यांतली नाणी खरं-खोटं या विभागणीला आणखी एक धक्का देतात. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरून आली. व्यापारातून ती नाणी पश्चिम किनाऱ्यावर पोचली, त्यांच्या सोन्यावर लोकांचा विश्वास बसला, आणि इथल्या सोनारांनी तशीच पुतळी घडवायला सुरुवात केली. संत आणि गुडघे टेकलेला राज्यप्रमुख यांची चित्रं बदलत गेली, लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. ही पुतळी खोटं नाणं आहे का? तिचं सोनं खरं आहे आणि ती कुणाला फसवायला केलेली नाही. तिला अनुकरण म्हणावं, आणि तिचा स्वतंत्र अभ्यास करावा. कडी झाळलेल्या, भोक पाडलेल्या रुपयांचंही तसंच. भोकामुळं नाण्याचा बाजारभाव पडतो, पण ते नाणं कुणाच्या गळ्यात होतं, कुणाच्या करगोट्यात होतं, याची खूण राहते.

आणि एका प्रकारात खोट खरोखरच नंतरच्या आयुष्यात शिरते. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया अतिशय दुर्मिळ असल्यानं १९३८च्या खऱ्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून बदलतात. रुपं खरं, घडण खरी, वजन बरोबर; खोटा आहे तो एक आकडा. इथं फक्त त्या आकड्याभोवतीची जमीन भिंगातून पाहावी लागते.

विचित्र दिसणारं नाणं पूर्ण निर्दोष असू शकतं, याची उदाहरणं तर आजोबा-पणजोबांच्या आठवणीतली आहेत. १९४३पासून निघालेला भोकाचा पैसा टांकसाळीतूनच मध्ये भोक घेऊन आला. युद्धकाळात धातू वाचवायचा होता. १९११च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, एवढ्यावरून त्या रुपयाविषयी गहजब झाला आणि सरकारनं तो मागं घेऊन हत्ती नव्यानं कोरला. आपल्या काळात हीच गोष्ट दहाच्या नाण्याबाबत झाली. पंधरा रेघांचं खोटं आणि दहा रेघांचं खरं, अशी अफवा गावोगाव पसरली आणि दुकानांत, गाड्यांत ते नाणं नाकारलं जाऊ लागलं. वस्तुस्थिती साधी होती. २०११मध्ये रुपयाचं चिन्ह आलं तेव्हा आराखडा बदलला, आणि जुनी-नवी नाणी सोबत फिरत राहिली. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की तोवर दहाच्या नाण्याचे १४ आराखडे निघाले आहेत आणि सगळे वैध आहेत. शंका असणाऱ्यानं रेघा मोजण्याऐवजी काटा घ्यायला हवा होता: २७ मिलिमीटर व्यास आणि ७.७१ ग्रॅम वजन, हे दोन आकडे दोन्ही आराखड्यांत तेच.

चुंबकाचंही तसंच होतं. २००४पर्यंतची दोन रुपयांची तांबं-निकेलची नाणी चुंबकाला चिकटत नाहीत, नंतरची पोलादी चिकटतात. दोन्ही सरकारीच. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. खूणच नसेल तर कोलकाता. खूण नाही म्हणून नाणं नाकारलेलं मी पाहिलं आहे. भारतातली एक जुनी चालू टांकसाळ अशी क्षणात खोटी ठरते.

नाण्याच्या घावात किती इतिहास मावतो, हे पाहायचं असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचा साठा आठवावा. १९०६ साली तिथं क्षत्रप नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एकाच नाण्यावर दोन चित्रं, दोन लेख, एकमेकांत घुसलेले. न शिकलेल्या डोळ्याला ते बिघडलेलं नाणं वाटेल. इतिहासकाराला त्यातून सत्तांतर दिसतं: हरलेल्या राजाचा पैसा न आटवता, त्याच्यावरच आपली चिन्हं उमटवून जिंकणाऱ्यानं तो चालवला.

अधिक पुढं जायचं असेल तर जागा आपल्या जवळच आहेत. पुण्यात १९१०पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ, नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांच्या पुढाकारानं १९८०मध्ये उभी राहिलेली नाणेशास्त्र संशोधन संस्था, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय. तिथं खरी नाणी पुष्कळ पाहावीत. खोट्यांचे नमुने पाठ करण्यापेक्षा खऱ्यांचा सराव डोळ्याला लवकर तयार करतो. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी नाण्याला धक्का न लावता त्यातल्या धातूंचं प्रमाण काढता येतं; पण ते यंत्र पृष्ठभागच वाचतं, त्यामुळं जाड मुलामा किंवा गंज त्यालाही चकवू शकतो.

कायदाही माहीत हवा. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. भीतीपोटी लोक नाणी आटवतात किंवा गुपचूप विकतात, आणि साठ्याचा अर्थ कायमचा हरवतो. एका मडक्यात कोणती नाणी एकत्र होती, हे कळलं तर मडकं कधी पुरलं ते साधारण सांगता येतं. सुटी विकल्यावर ते कधीच कळत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. नाणं हाती आलं की घासू नका. वजन आणि व्यास लिहा. खिडकीतल्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि कडेचाही घ्या, कारण कडा लोक विसरतात आणि तीच सर्वांत जास्त सांगते. गाव, वाडी, शेत, देवघर किंवा दागिना, जे असेल ते नोंदवा. पौड खोऱ्यात, मुठा खोऱ्यात, मोसे खोऱ्यात मिळालेल्या शिवराया ठशानुसार लावता आल्या, तर कोणत्या टांकसाळीचा पैसा कोणत्या घाटानं कोकणाकडे जात होता, याचा माग लागू शकतो. त्यासाठी देखणी नाणी लागत नाहीत. ज्याच्यावर एकच 'छ' उरला आहे तेही चालतं, तो 'छ' एखाद्या ठशाचा एकमेव पुरावा असू शकतो. आणि शेतातून निघालेलं नाणं तपासाअंती जुन्या काळचं खोटं ठरलं तरी त्याची नोंद ठेवा. खोटं करणारा नेहमी चालत्या नाण्याचीच नकल करतो, त्यामुळं त्या मुलाम्याच्या रुपयावरून त्या गावात तेव्हा कोणता रुपया विश्वासानं घेतला जात होता, तेही कळतं.